पाऊस होता, उन्हाळा होता, मासळी नव्हती : चिलिका सरोवराचे प्रकरण

ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या चिलिका सरोवरातून १९८०च्या दशकाच्या मध्याला वर्षाकाठी साधारण ८,५०० टन मासळी निघत असे. १९९५-९६ मध्ये ती १,३०० टनांच्याही खाली घसरली. १९९९-२००० मध्ये आकडा १,७०० टनांच्या आसपास रेंगाळत होता. त्यानंतर दोनच वर्षांत, २००१-०२ मध्ये, तो १२,००० टनांच्या जवळ गेला.

एवढी पडझड आणि एवढी उसळी एकाच पाण्यात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत झाली. या सगळ्या काळात पावसाळा यायचा थांबला नव्हता. उन्हाळा तापत होता, थंडीत वारा फिरत होता, नद्यांना पूर येत होते. ऋतू आकाशात ठरल्याप्रमाणे येत-जात होते, पण पाण्यात उतरत नव्हते. ऋतुमानाचा मासेमारीवर परिणाम म्हटले की पाऊस किती झाला, उष्मा किती वाढला, वादळ कधी आले, एवढेच विचारले जाते. खाजण सरोवराच्या, म्हणजे वाळूच्या दांड्यामागच्या आणि समुद्राला जोडलेल्या उथळ सरोवराच्या, बाबतीत त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : इथले पाणी वर्षभरात गोडे आणि खारे असे आलटून पालटून होते आहे का? चिलिकाने या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी दाखवले, आधी हा पालट थांबल्यावर आणि मग तो पुन्हा सुरू झाल्यावर. म्हणून मला हे प्रकरण मोलाचे वाटते.

सरोवराचे वर्ष

चिलिका पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. लांबी सुमारे ६४ किलोमीटर, पण खोली सरासरी माणसाच्या उंचीच्या आसपास. बराच भाग तर कमरेएवढ्या पाण्याचा. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होतो, उन्हाळ्यात तो ९०६ पर्यंत आक्रसतो. या दोन आकड्यांमधली जी अडीचशेवर चौरस किलोमीटर जमीन आहे, तिच्याकडे नीट पाहायला हवे. ती दरवर्षी बुडते आणि दरवर्षी उघडी पडते. पाणी चढले की तिथले गवत, शेवाळ, कुजका पाला यांच्यावर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांच्यावर माशांची पिल्ले. मधल्या भागातले नलबन बेट तर पावसाळ्यात जवळजवळ पूर्ण पाण्याखाली जाते आणि थंडीत वर आल्यावर पाखरांनी भरून जाते.

पाणी येते तीन बाजूंनी. उत्तरेकडून महानदीचे फाटे, म्हणजे दया, भार्गवी, लुणा, गोडे पाणी आणि गाळ घेऊन उतरतात. पश्चिमेच्या डोंगरांतून लहान-मोठे ओढे येतात, ते पावसाबरोबर फुगतात आणि पावसाबरोबर संपतात. तिसरी वाट समुद्राची. सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूचा लांबलचक दांडा आहे. मगरमुख नावाच्या जागेपासून त्या दांड्याच्या आतल्या अंगाने एक अरुंद खाडी किनाऱ्याला समांतर वाहत जाते आणि मुखापाशी समुद्राला मिळते. दक्षिण टोकाला पालूरचा जुना कालवा ऋषिकुल्या नदीच्या मुखाकडे जातो, पण भरतीचा मोठा कारभार चालतो तो या उत्तर-पूर्वेच्या खाडीतून.

आता वर्ष कसे फिरते ते पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये नद्यांचे पाणी उत्तर भागात शिरते आणि तिथली क्षारता जवळजवळ शून्यावर येते. गोडे पाणी हलके असल्यामुळे आधी वरून पसरते, खाली जरा जड, निमखारे पाणी राहते. मात्र एवढ्या उथळ जागेत वारा ही विभागणी फार काळ टिकू देत नाही. मधला भाग हळूहळू गोडा होत जातो, दक्षिण भाग पुरापासून दूर असल्याने बऱ्यापैकी खारटच राहतो. ऑक्टोबरनंतर पाणी ओसरते. थंडी संपता संपता समुद्राचे पाणी भरतीबरोबर आत सरकायला लागते, नद्या आटलेल्या असतात, बाष्पीभवन वाढलेले असते. मार्च ते मे या काळात दक्षिणेकडून येणारा जोरदार वारा खारे पाणी उत्तरेला ढकलतो. मे महिन्यात खाडीतले पाणी समुद्राइतके खारट लागते आणि उत्तर भागातही मिठाची चव पोहोचते. मग पुन्हा पाऊस.

मासळीचे आयुष्य याच फेऱ्यावर बेतलेले आहे. बोई पावसाळाभर सरोवरात चरते, अंगावर चरबी धरते आणि पावसाळा सरल्यावर, गाभोळी भरली की, अंडी घालायला समुद्राकडे निघते. तिची बोटभर पिल्ले पुढे त्याच वाटेने आत येतात. जिताड्याचेही तसेच, तो वाढतो निमखाऱ्या पाण्यात आणि प्रजनन करतो मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. वाघ कोळंबी समुद्रात जन्मते, तिची केसाएवढी पिल्ले भरतीबरोबर आत येऊन उथळ पाण्यात मोठी होतात आणि पुराचे गोडे पाणी अंगावर आले की बाहेरची वाट धरतात. खेकड्याची मादी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. पाला मासा उलट्या दिशेचा प्रवासी. तो समुद्रातून येतो आणि सरोवर ओलांडून नद्यांच्या गोड्या पाण्यात वर चढतो. रोहू, कटला, मृगळ यांना पुराचे वाहते पाणी लागते. नदीकाठची पसरट शेते भरली की त्यांचे प्रजनन होते आणि त्यांची पिल्ले उताराच्या पाण्याबरोबर सरोवराच्या उत्तर भागात येतात. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

थोडक्यात, इथे कोणत्याही जातीला बारा महिने एकच पाणी चालत नाही. एकीचा हंगाम संपतो तेव्हा दुसरीचा सुरू होतो आणि मच्छीमाराचे घर या साखळीवर चालते.

मासळी लागणे आणि मासळी असणे

प्रकरणाच्या मुख्य भागाकडे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हवामान आणि मासेमारी यांच्या चर्चेत ती हमखास मिसळली जाते. हवामान मासेमारीवर दोन वेगळ्या वाटांनी परिणाम करते. एक वाट लगेचची : आज जाळ्यात मासळी लागेल का. दुसरी लांबची : पुढच्या वर्षी धरण्याजोगी मासळी जन्मेल आणि जगेल का.

ऑक्टोबरमध्ये पाणी उतरायला लागते तेव्हा पसरलेली मासळी आकुंचन पावणाऱ्या पाण्याबरोबर खोलगट जागांकडे आणि वाटांकडे सरकते. चिलिकातले मच्छीमार याच वेळी ‘जानो’ लावत आले आहेत. उथळ पाण्याचा मोठा तुकडा बांबूच्या कामट्यांच्या कुडांनी वेढायचा आणि पाणी उतरत जाईल तशी आतली मासळी हळूहळू काढायची. जानोला भरघोस मासळी लागली म्हणजे सरोवरात मासळी वाढली असे नाही. ती एका जागी आली, एवढाच त्याचा अर्थ. वाऱ्याचेही तसेच आहे. उथळ तळाचा गाळ वाऱ्याने ढवळला की पाणी गढूळ होते, माशाला जाळे दिसत नाही, आणि कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यांना चांगला दिवस येतो. निवळ पाण्यात त्याच जाळ्याला मासे बगल देतात.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तापते तेव्हा परिणाम आणखी फसवा असतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडा वर. उन्हाळ्यात पाणी तापते आणि खारटही होते, म्हणजे प्राणवायू दोन्हीकडून कमी. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्म्याने वाढलेली असते. वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री तोच वापरतात, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची. वारा पडलेला, आभाळ भरून आलेले, उकाडा, अशा पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले तर त्या दिवशी फेकजाळ्याला मासळी चांगली लागते. पण तो हंगामाचा शुभशकुन नव्हे, पाण्यात हवा कमी पडल्याची खूण आहे. पहिल्या जोरदार पावसात शेतांतला आणि गावांतला कुजका माल वाहून येतो तेव्हाही तोच धोका असतो.

ही तफावत लक्षात ठेवली तरच चिलिकाचे आकडे वाचता येतात. एखाद्या महिन्याच्या चांगल्या मासळीवरून काही कळत नाही. सलग काही वर्षे बहुतेक जातींची मासळी सगळ्याच महिन्यांत घटली, तर समजावे की लांबची वाट तुटली आहे.

मुख सरकत गेले

ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा वाळूला ईशान्येकडे ढकलत नेतात. त्या वाळूने दांडा लांबत जातो आणि मुख त्याच दिशेला सरकत जाते. चिलिकाचे मुख असे सरकत सरकत आरखकुडाजवळ जाऊन पोहोचले. मुख पुढे गेले की खाडी तेवढी लांबते आणि लांबलेल्या खाडीत गाळ बसून ती उथळ होते. लांबच लांब नळीतून फुंकर घालावी तशी भरती वाटेतच विरून जायची. मुखापाशी उधाण असले तरी मगरमुखाच्या आत त्याचा मागमूस राहत नव्हता.

दुसऱ्या टोकाला नद्या आपले काम करतच होत्या. वरच्या पाणलोटातली माती धुपून दरवर्षी लाखो टन गाळ उत्तर भागात येत होता. पूर्वी पुराच्या जोराने तो गाळ काही प्रमाणात समुद्रात निघून जायचा. आता पुराच्या पाण्यालाही बाहेर पडायला वेळ लागू लागला, त्यामुळे गाळ आतच बसू लागला. महानदीवर १९५७ मध्ये हिराकूड धरण उभे राहिले होते. धरण पुराचा पहिला भर पोटात घेते आणि पाणी नंतर, वेगळ्या वेळी सोडते. रोहू-कटल्याच्या प्रजननाला हंगामाच्या सुरुवातीचा वाहता पूर हवा असतो, आणि मुखाला मोकळे ठेवायला त्या पुराचा जोर हवा असतो. दोन्ही गोष्टी अशाने कमजोर होतात.

परिणाम असा झाला की पावसाळ्यात आलेले गोडे पाणी उन्हाळ्यापर्यंत निघेना आणि उन्हाळ्यात खारे पाणी पोहोचेना. उत्तर भाग बारा महिने गोडा राहू लागला. जलपर्णी, नळ नावाचे उंच गवत आणि गोड्या पाण्यातल्या इतर वनस्पती पूर्वी दरवर्षी उन्हाळ्याच्या खारटपणाने मरायच्या. ती वार्षिक साफसफाई बंद झाली. वनस्पती मोकाट वाढल्या, त्यांच्यात गाळ अडकला, अडकलेल्या गाळावर आणखी वनस्पती उगवल्या. दाट पानाखाली ऊन पोहोचत नाही, रात्री प्राणवायू फारच कमी होतो. होडी चालत नाही, जाळे टाकता येत नाही. १९९३ मध्ये रामसर कराराच्या, म्हणजे पाणथळ जागांच्या जतनासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, माँत्रो नोंदीत, म्हणजे बिघडत चाललेल्या पाणथळ जागांच्या यादीत, चिलिकाचे नाव गेले. १९८१ मध्ये रामसर यादीत गौरवाने दाखल झालेले सरोवर बारा वर्षांत धोक्याच्या यादीत आले.

मासळीच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठा घाव न दिसणारा होता. बोईला, जिताड्याला, कोळंबीला, खेकड्याला बाहेरची आणि आतली वाट लागते. वाट नुसती उघडी असून भागत नाही, ती सापडावी लागते. कोळंबीची पिल्ले आणि माशांचे बारीक बीज भरतीच्या प्रवाहाबरोबर, पाण्यातल्या क्षारतेच्या चढउताराचा माग काढत आत येतात. मुखाशी भरती क्षीण आणि आत क्षारतेचा उतार नाहीसा झालेला, तर बीज येणार कुठून? आत राहिलेली मोठी मासळी जाळ्यांनी काढली जात होती, तिच्या जागी नवी येत नव्हती.

इतर कारणे किती खरी

त्या काळात मासळी घटण्याची अनेक कारणे सांगितली गेली. त्यातले एकही खोटे नव्हते, पण सगळी सारख्या वजनाची नव्हती.

जाळी वाढली होती, हे खरे. नायलॉनची जाळी आणि इंजिनाच्या होड्या आल्या होत्या. पण फक्त अतिमासेमारी असती, तर गोड्या पाण्याच्या वनस्पती का फोफावल्या असत्या?

कोळंबीला परदेशात भाव आल्यापासून उथळ पाण्यात ‘घेरी’ उभ्या राहिल्या होत्या. मातीचे बांध किंवा जाळी घालून पाणी अडवायचे आणि आत कोळंबी वाढवायची. हे कारण मला फार गंभीर वाटते. वर ज्या बुडत्या-उघडत्या जमिनीबद्दल लिहिले, नेमकी तीच घेरींनी व्यापली. जानोचा कूड हंगामापुरता असतो, पाणी उतरले की निघतो आणि जागा पुन्हा सगळ्यांची होते. घेरी वर्षभर जागा अडवते. पिढ्यान् पिढ्या केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा मच्छीमार जातींमध्ये हंगाम आणि साधन यांच्यानुसार जागा वाटलेल्या होत्या, ती घडी यामुळे मोडली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये चिलिका आणि पुलिकत या सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत कोळंबीपालनाला मनाई केली. तरी घेरी उठल्या नाहीत आणि मे १९९९ मध्ये सोराणा इथे घेरीविरोधी मच्छीमारांवर झालेल्या पोलीस गोळीबारात चार माणसे गेली. मासळीच्या आकड्यांच्या चर्चेत ही चार माणसे विसरली जाऊ नयेत.

कुणी ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाकडेही बोट दाखवेल. पण मासळी त्याच्या कितीतरी आधी, १९९५-९६ मध्येच तळाला गेली होती.

या सगळ्यांच्या मुळाशी असलेला बिघाड म्हणजे मुखाचा. तो दुरुस्त न करता जाळ्यांवर कितीही बंधने घातली असती, तरी बीज बाहेरच राहिले असते.

२३ सप्टेंबर २०००

ओडिशा सरकारने १९९१ मध्ये चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले होते. प्राधिकरणाने खाडीच्या आणि भरतीच्या अभ्यासासाठी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेतली. खडकवासल्याच्या प्रतिमानांवरून असे दिसले की दांडा सिपकुडाजवळ कापला तर मुखापर्यंतचे अंतर सुमारे १८ किलोमीटरने कमी होईल आणि भरती पुन्हा सरोवरापर्यंत पोहोचेल. जुन्या खाडीतला गाळही काढायचा होता. २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख उघडले गेले.

ही वेळ मला विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. सप्टेंबरअखेर सरोवर पावसाच्या पाण्याने तुडुंब असते. अशा वेळी दांडा कापला की आतले पाणी जोराने बाहेर धावते आणि आपली वाट आपणच घासून रुंद व खोल करते. मे महिन्यात, पाणी आटलेले असताना हाच काप घेतला असता तर समुद्राची वाळू तो भरून टाकण्याची भीती जास्त होती. शिवाय ऑक्टोबर जवळ आलेला. गाभोळी भरलेली बोई बाहेर पडायला निघते तो हाच काळ. वाट उघडली ती तिच्या प्रवासाच्या तोंडावर. पुढच्या उन्हाळ्यात खारे पाणी आत शिरणार होते, तेव्हा कोळंबीच्या बीजालाही वाट तयार होती. पाण्याचे गणित आणि माशाचे पंचांग इथे जुळून आले.

२०००-०१ मध्येच मासळी पाच हजार टनांजवळ गेली आणि पुढच्या वर्षी बारा हजारांजवळ. एवढ्या झपाट्याने झालेली वाढ सरोवरातल्या प्रजननाने होऊच शकत नाही. ही बाहेरून आलेली मासळी होती. समुद्रात, मुखाच्या बाहेर बीज होतेच, त्याला आत यायला दार नव्हते. कोळंबी आणि खेकडा काही महिन्यांत धरण्याजोगे होतात, म्हणून पहिली उसळी त्यांच्या साथीने आली. जिताड्यासारख्या सावकाश वाढणाऱ्या, उशिरा वयात येणाऱ्या माशाचा हिशेब असा वर्ष-दोन वर्षांत लागत नाही.

उत्तर भागातली क्षारता उन्हाळ्यात पुन्हा वाढू लागली तशा गोड्या वनस्पती मागे हटल्या. पाणी निवळले, आणि ऊन तळाशी पोहोचल्यावर समुद्री गवताची कुरणे पसरली. या कुरणांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले लपतात, चरतात. नोव्हेंबर २००२ मध्ये चिलिकाचे नाव माँत्रो नोंदीतून काढले गेले आणि त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसरचा पाणथळ संवर्धन पुरस्कार मिळाला.

सगळ्यांना सारखे नाही मिळाले

यशाची गोष्ट सांगताना सरोवर एक मानले जाते. मच्छीमाराला ते तसे नसते. त्याचे गाव एका भागात असते, त्याची जाळी आणि सापळे त्या भागातल्या पाण्याला आणि मासळीला जुळलेले असतात.

खाडीच्या आणि मधल्या भागाच्या गावांना नव्या मुखाचा लाभ आधी आणि जास्त झाला, कारण आत येणारी मासळी त्यांच्या दारावरून येते. उत्तरेच्या गावांचा अनुभव मिश्र होता. वनस्पती हटल्या, होड्यांना पाणी मिळाले, निमखाऱ्या पाण्याची महाग मासळी तिकडेही जाऊ लागली. पण वर्षभर गोड्या राहिलेल्या पाण्यात मरळ, शिंगाळा, रोहू धरण्याची जी सवय आणि साधने तयार झाली होती, त्यांचा हंगाम पुन्हा पावसाळ्यापुरता आणि त्याच्या मागच्या महिन्यांपुरता उरला. नळाचे गवत कापून विकणाऱ्यांचेही उत्पन्न घटले. ऋतूंचा पालट परत आला तो सरोवराच्या हिताचा होता यात मला शंका नाही. पण ज्यांनी बिघडलेल्या पाण्याशी जुळवून घेऊन संसार उभा केला होता, त्यांच्यासाठी ती आणखी एक उलथापालथ होती आणि तिची भरपाई मासळीच्या एकूण टनांमध्ये दिसत नाही.

व्यापाऱ्याकडून उचल घेऊन जाळी-होडी उभी करणाऱ्या मच्छीमाराला वाईट हंगामातही हप्त्यासाठी मासळी आणावीच लागते. मग बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी निघतात. चिलिकात ‘झीरो जाळे’ म्हणून ओळखले जाणारे अतिबारीक आसाचे जाळे खाडीच्या वाटेवर लागले, तर आत येणारे बीज तिथेच संपते. निसर्गाने बंद केलेले दार २००० मध्ये उघडले. तेच दार जाळ्यांनीही बंद होऊ शकते, आणि ते नकाशावर दिसणार नाही.

वादळे आणि सरकते मुख

नवे मुख उघडले म्हणजे ते तिथेच राहणार असे नव्हते. वाळू ईशान्येकडे सरकतच असते. २००८ मध्ये गाबकुंडाजवळ दांडा आपोआप फुटून आणखी एक वाट तयार झाली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन चक्रीवादळ गोपाळपूरजवळ, म्हणजे सरोवराच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर आले. वादळ खारे पाणी आत लोटते अशी सर्वसाधारण समजूत आहे. फायलिनच्या बाबतीत त्यामागून आलेला पाऊस आणि पूर जास्त परिणामकारक ठरले आणि सरोवराची क्षारता खाली गेली. ३ मे २०१९ रोजी फनी पुरीजवळ धडकले तेव्हा दांड्याला नव्या वाटा पडल्या आणि आत खारे पाणी वाढण्याची चिंता सुरू झाली. एक वादळ पावसाळ्याच्या शेवटी, सरोवर आधीच भरलेले असताना आले. दुसरे ऐन उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत खारट असताना. म्हणून नुकसानीचा अंदाज वाऱ्याच्या वेगावरून करण्यापेक्षा ते कोणत्या महिन्यात आले यावरून करणे जास्त उपयोगाचे.

वादळानंतर मच्छीमाराचे पहिले नुकसान होडी, जाळी आणि घराचे असते आणि मदतही तेवढ्यापुरती येते. क्षारता बदलल्याचा परिणाम चार-सहा महिन्यांनी जाणवतो, तोवर पंचनामे संपलेले असतात. ऑक्टोबरात सरोवर एकदम गोडे झाले तर बाहेर निघालेली बोई लवकर आणि एकगठ्ठा निघते. त्या आठवड्यात मासळी भरपूर लागते, भाव पडतो, आणि पुढचे दोन महिने जाळी रिकामी येतात. ही भरपूर मासळी नोंदवहीत चांगला महिना म्हणून चढते.

उत्तरेच्या टोकाला निर्णय माणसाच्या हातात आहे. कटकजवळ नराज इथे महानदीच्या फाट्यावर बॅरेज बांधले गेले तेव्हा चिलिकाला कोणत्या महिन्यात किती गोडे पाणी लागते याचा वेगळा अभ्यास करण्यात आला. धरणाच्या आणि बॅरेजच्या कारभारात शेती, पूरनियंत्रण आणि वीज यांचा हिशेब असतोच. त्यात सरोवराच्या मासळीचा हिशेब मांडला जाणे ही माझ्या मते या प्रकरणातली दुसरी मोठी घटना आहे, मुख उघडण्याइतकीच. मुख समुद्राची बाजू सांभाळते, बॅरेज नदीची. एका बाजूने पाणी कमी पडले तर दुसऱ्या बाजूचे काम फुकट जाते. पूर अगदीच अडवला तर सरोवर खारट होईल, नद्यांत चढणारा पाला थांबेल, मुखातली वाळू धुऊन निघणार नाही. पूर उशिरा सोडला तर थंडीतही पाणी गोडे राहील आणि समुद्राकडून येणाऱ्या बीजाची वेळ चुकेल.

यासाठी जी नोंद लागते ती अवघड नाही. उत्तर, मध्य, दक्षिण आणि खाडी अशा चारही भागांत ठरावीक जागांवर क्षारता, तापमान आणि पहाटेचा प्राणवायू, आणि त्याच भागातल्या उतरवणीच्या धक्क्यावर जातवार आणि आकारवार मासळी. सगळ्या सरोवराची वार्षिक बेरीज करून टन जाहीर केले की भागांमधला आणि महिन्यांमधला फरक नाहीसा होतो, आणि बिघाड नेमका त्या फरकातच आधी दिसतो. जून सरून पूर उतरेपर्यंत उत्तर भागात रोहू-कटल्याची बोटुकली दिसली का, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाभोळीची बोई खाडीतून पार झाली की वाटेतच सगळी धरली गेली, फेब्रुवारी-मार्चमध्ये कोळंबीचे बीज मगरमुखाच्या आत पोहोचले का, मे महिन्यात उत्तरेच्या पाण्याला मिठाची चव आली का : या चार प्रश्नांची उत्तरे धक्क्यावरचा जुना मच्छीमार कोणत्याही यंत्राशिवाय देऊ शकतो. नराजचे दरवाजे कधी उचलायचे आणि खाडीतला गाळ कुठे काढायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत त्याला खुर्ची मिळायला हवी, आणि ती बैठक पावसाळ्याच्या आधी व्हायला हवी.